कच्चा नमुना घेऊन वाडीवर

भातलावणी सुरू झाली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या खाचरांत माणसं सकाळी वाकतात, ती संध्याकाळीच ताठ होतात. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरायचं. पाऊस सरळ पाठीवर पडत असतो. या एका स्थितीसाठी कोकणाने इरलं घडवलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मधे उंच आणि कडांना उतरता. त्यावर रुंद पानांचे थर. पानं वाऱ्याने निघू नयेत म्हणून वरून पुन्हा कामट्यांची जाळी. डोक्यावर टेकवलं की ते पाठ झाकत कमरेखाली उतरतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ताठ उभ्या माणसाला इरलं अडचणीचं वाटतं, कारण ते वाकलेल्या माणसाच्या मापाचं आहे. छत्री एक हात अडवते. रेनकोट घालून वाकलं की माणूस आतून घामाने भिजतो.

आता बहुतेक खाचरांत प्लॅस्टिकचा कागद दिसतो. तो स्वस्त आहे, घडी करून पिशवीत मावतो, गावच्या दुकानात मिळतो. तो वाऱ्याने फडफडतो, फाटतो आणि पुढच्या वर्षी नवा घ्यावा लागतो, तरीही त्याने इरल्याला मागे सारलं. इरलं विणायला वेळ लागतो, विणणारे हात कमी झाले आणि त्या मेहनतीचा दाम कोणी देईना. वस्तू घडवायला शिकणाऱ्या मुलामुलींना पहिला धडा म्हणून या दोन वस्तू समोरासमोर ठेवाव्यात. एक कामाच्या गरजेतून घडलेली, दुसरी बाजाराच्या सोयीने आलेली. जी अधिक चांगली ती हरली. ती का हरली, हे समजून घेतल्याशिवाय तिसरी वस्तू काढायला पेन्सिल उचलू नये.

डिझाइनचा विद्यार्थी वर्षभर करतो तरी काय, हा प्रश्न त्याच्या घरच्यांनाही पडतो. बाहेरच्यांना दिसतात ती रंगीत स्केचेस, संगणकावरची गुळगुळीत चित्रं आणि प्रदर्शनात मांडलेलं चकचकीत मॉडेल. हे सगळं शेवटच्या काही आठवड्यांचं काम असतं. त्याआधीचे महिने जातात ते लोकांच्या कामाकडे बघण्यात, नोंदी करण्यात, मापं घेण्यात, पुठ्ठा कापण्यात, केलेलं मोडण्यात आणि पुन्हा करण्यात. विद्यार्थी ज्याला प्रोसेस बुक म्हणतात त्या जाड वहीत हे सारं उतरतं. या विषयाची खरी गोडी त्या वहीतच आहे. तयार वस्तूत ती निम्मीही उतरत नाही.

भारतात हे शिक्षण फार जुनं नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याने 1958 साली भारत सरकारला एक अहवाल दिला. देश फिरताना पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत भावला तो साधा लोटा. त्या अहवालातून 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात 1969 साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. सगळे त्याला आयडीसी म्हणतात. त्याची घडी बसवली प्रा. सुधाकर नाडकर्णी यांनी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते जर्मनीतल्या उल्म इथल्या प्रसिद्ध डिझाइन शाळेत गेले. तिथे पदविकेसाठी त्यांनी विषय निवडला तो मुंबईच्या रस्त्यांवरच्या दूध केंद्राचा. जर्मनीत बसून त्यांनी विचार केला तो पहाटे बाटल्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुंबईकराचा. मराठी विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पवईहून किंवा पुण्याहून निघालेला विद्यार्थी कर्जतला उतरतो तेव्हा त्याला काय मिळतं? एका बाजूला भोर घाटाचा कडा, त्यातून 1863 साली वर चढलेला लोहमार्ग, चढणीसाठी मागून जोडायची बँकर इंजिनं. दुसऱ्या बाजूला 1915 साली सुरू झालेलं टाटांचं खोपोलीचं वीजघर आणि 1922चं भिवपुरीचं. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी इथे खाली कोसळून वीज देतं आणि मग पाताळगंगेच्या, उल्हासच्या खोऱ्यात उतरतं. खोपोली-रसायनीचे पोलादाचे, कागदाचे, रसायनांचे कारखाने, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, त्यावरचे फूड मॉल. आणि या सगळ्यापासून तासाभराच्या पायपिटीवर कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वाड्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. ज्या पाण्याने मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, त्याच्या पायथ्याच्या गावांत डोक्यावर हंडा. अभ्यासाला याहून अवघड आणि याहून जवळचं ठिकाण मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला मिळणं कठीण.

म्हणूनच बाहेरच्या संस्था इथे येत राहिल्या. पवईच्याच आयआयटीत 1985 साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारं केंद्र सुरू झालं. 'सितारा' या नावाने ते ओळखलं जातं. त्याच्या विद्यार्थ्यांनी उत्तर कर्जतच्या वाड्यांत दिवस काढले, विहिरी मोजल्या, उंचसखलपणाचे नकाशे केले. गुडवणवाडीचा छोटा बंधारा आणि अनेक वाड्यांना मिळून एक नळयोजना करता येईल का याचा अभ्यास, ही त्यातली कामं. या विद्यार्थ्यांना शिक्षणाचाच भाग म्हणून काही आठवडे गावात मुक्काम करावा लागतो. प्रा. मिलिंद सोहोनी यांच्यासारख्या शिक्षकांनी हा आग्रह लावून धरला: तालुक्याचा प्रश्न हा अभियांत्रिकीचा पूर्ण वजनाचा विषय आहे. तालुक्यातही आता शिक्षणसंस्था आहेत. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जामरुंगला विजयभूमी विद्यापीठात डिझाइन शिकता येतं. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात घरातली कणगी रिकामी होते, सावकाराकडून खावटी घ्यावी लागते आणि पीक आलं की ते त्याच्याच घरी जातं, हे चक्र त्यांना मोडायचं होतं. यात नवी वस्तू म्हणावी अशी एकही नाही. डिझाइनच्या विद्यार्थ्याने मात्र ते उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. काही वेळा उत्तर वस्तूत नसतं, व्यवहाराच्या नव्या रचनेत असतं.

प्रक्रियेची सुरुवात होते ब्रीफपासून. आपल्याला काय सोडवायचं आहे, कुणासाठी, कोणत्या मर्यादांत, हे चार ओळींत लिहायचं. पहिल्या आठवड्यातलं ब्रीफ जवळजवळ नेहमीच चुकतं, कारण ते वर्गात लिहिलेलं असतं. 'पाणी वाहून नेणाऱ्या महिलांसाठी पाठीवरची पिशवी' असं कुणी लिहितं. वाडीवर गेल्यावर दिसतं की बाईच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी आणि एका हाताशी पोर. वाट उताराची, निसरडी. दुसरा हात फांदीला धरायला हवा. पाठीवर ओझं घेतलं तर अशा उतारावर तोल मागे जातो. शिवाय हंडा विहिरीतून काढायचा, घरात चुलीशेजारी ठेवायचा, त्यातूनच पाणी ओतायचं. पिशवीतलं पाणी शेवटी हंड्यातच ओतावं लागणार असेल तर तिने एक जास्तीचं काम का करावं? या प्रश्नापाशी आलं की चार ओळी खोडून पुन्हा लिहाव्या लागतात. चांगला गाइड इथे घाई करू देत नाही.

मग मोजणं. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय माणसांच्या शरीरमापांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याआधी आपल्याकडच्या खुर्च्या, मुठी, पायऱ्या पुष्कळदा परदेशी माणसांच्या मापांवर बेतलेल्या असत. ते पुस्तक आजही विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतं. पण त्यात देशभराच्या मापांची सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा पल्ला मिळतो. ठाकरवाडीतली कामकरी बाई त्या पल्ल्यात नेमकी कुठे बसते, हे तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजल्यावरच कळतं. टेप घेऊन अनोळखी माणसाचं माप घेणं हे नाजूक काम आहे. परवानगी मागून, का मोजतो आहोत ते सांगून, बाईचं माप मुलीने घ्यावं. ही गोष्ट अभ्यासक्रमात क्वचितच लिहिलेली असते. ती लिहिलेली असायला हवी.

या टप्प्यावर एक महाराष्ट्रातली गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिचा पुरावा कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरही उभा आहे. तो म्हणजे हापसा. 1960च्या दशकातल्या दुष्काळांनंतर कठीण खडकात बोअर घेण्याची यंत्रं आली आणि बोअरवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसले. ते पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेल्या परदेशी पंपांच्या नकला होत्या. गावात त्याच दांड्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो हात लागत. पंप मोडू लागले. 1970च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा बहुतांश बंद आढळले. दरम्यान जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये पोलादी पंपाचा वेगळा प्रयत्न झाला आणि सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या. दांडा एकाच मजबूत कण्यावर फिरेल, आतला दांडा साखळीने सरळ वर ओढला जाईल, जोड कमी होतील, अशी ती मांडणी होती. युनिसेफने ठिकठिकाणचे पंप तपासले, सोलापूरच्या पंपाचा पाया धरला आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला. त्याचा आराखडा कुणाच्याही मालकीचा ठेवला नाही. म्हणून तो अनेक कारखान्यांत बनला, आफ्रिकेत गेला आणि जगातला सर्वाधिक वापरला जाणारा हातपंप ठरला.

जालना आणि सोलापूरच्या वर्कशॉपमध्ये कुणी डिझाइनची पदवी घेतलेली नव्हती. त्यांच्याकडे होती मोडलेल्या पंपांची रास आणि रोज तक्रार घेऊन येणारी गावं. कोणता भाग आधी मोडतो, हे त्यांना पाठ होतं. विद्यार्थ्याच्या हातात हेच ज्ञान नसतं आणि ते मिळवण्याचा जवळचा रस्ता म्हणजे स्वतः काहीतरी लवकर, कच्चं, स्वस्त करून वापरायला देणं.

कच्चं, या शब्दावर जोर हवा. पुठ्ठा, थर्माकोल, बांबू, जुन्या सायकलचे भाग, सुतळी, फेविकॉल यांतून केलेलं मॉक-अप वाडीवर नेलं की लोक बोलतात. हे इथे लागतं, ते तिथे टोचतं, हा दांडा उलटा बसवा. एखादा म्हातारा कोयता घेऊन स्वतःच कामटी कमी करून दाखवतो. तेच मॉडेल रंगवून, पॉलिश करून नेलं तर पाहुण्यांच्या वस्तूला नावं कशी ठेवायची म्हणून सगळे 'छान आहे' म्हणतात आणि विद्यार्थी खूश होऊन परततो. ते 'छान' फार महाग पडतं. पहिल्या भेटीला संगणकावरचं चित्र नेऊच नये, असं म्हणणारे शिक्षक आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

महाराष्ट्रातच घडलेला दुसरा प्रसंग याच मुद्द्याचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2007 साली चार विद्यार्थ्यांनी एक काम हाती घेतलं: कमी वजनाच्या नवजात बाळाला ऊब देणारं स्वस्त इनक्युबेटर. त्यांच्यातला एक नेपाळला गेला तेव्हा त्याला शहरातल्या रुग्णालयात दान आलेली इनक्युबेटर रिकामी दिसली. बाळं खेड्यांत जन्मत होती आणि तिथेच दगावत होती. ब्रीफ तिथेच बदललं. रुग्णालयाचं यंत्र स्वस्त करायचा विचार सोडून त्यांनी घरात वापरता येईल अशी झोपपिशवी केली. त्यात मेणासारखा पदार्थ भरलेली थैली. ती तापवली की काही तास शरीराइतकी ऊब धरून राहते. पुढे ते नमुना घेऊन आपल्या शिरूरला आले. पिशवीवर तापमानाची पट्टी होती, 37 अंशांपर्यंत तापवा असं सांगणारी. एका आईने सांगितलं की डॉक्टरी औषधं फार जहाल असतात, म्हणून ती नेहमी सांगितल्याच्या निम्मीच देते. ही थैलीही ती सुरक्षित म्हणून कमीच तापवेल. प्रयोगशाळेत हे कुणाला सुचलं नसतं. आकडे काढून टाकले आणि 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' एवढंच सांगणारी खूण आली. कर्जत तालुक्यात कुपोषणावर काम करणाऱ्या 'दिशा केंद्रा'सारख्या संस्थांना अशा आयांची समजूत वर्षानुवर्षं ठाऊक आहे. परदेशी विद्यार्थी शिरूरला येऊन जे एका दुपारी शिकले, ते शिकायला आपल्या विद्यार्थ्याला फक्त लोकल पकडायची आहे.

लोक नवी वस्तू नाकारतात तेव्हा त्यांना अडाणी म्हणण्याचा मोह होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तो दोन वर्षं खपला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटत होतं. किर्लोस्करांनी नांगर सोडला नाही आणि शेतकऱ्यालाही सोडलं नाही. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच धीरावर. विद्यार्थ्याच्या हाती असतं एक सत्र, म्हणजे चार-पाच महिने. त्यात कुणाचा विश्वास बसावा ही अपेक्षाच जास्तीची आहे, हे विद्यार्थ्याला कुणीतरी आधी सांगायला हवं.

आणि विश्वास बसतो तेव्हा तो बहुधा शेजाऱ्याच्या शेतावर बसतो. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राईस टेक्निक हे त्याचं तालुक्यातलंच उदाहरण. चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा तयार केलेल्या गादीवाफ्यांवर दरवर्षी नांगरणीशिवाय भात टोकायचा. ही पद्धत एका साध्या वस्तूवर उभी आहे: लोखंडी साचा. चौकट, तिला खाली ठरावीक अंतरावर खुंट, वर धरायला मूठ. साचा वाफ्यावर ठेवून दाबला की 25 सेंटीमीटर अंतरावर छिद्रं पडतात. प्रत्येकात तीन-चार दाणे सोडायचे. अंतर मोजायला दोरी नको, अंदाज नको. नवखा माणूसही एका सकाळी शिकतो. गावातला वेल्डर तो बनवू शकतो आणि वाकला तर हातोडीने सरळ करू शकतो. या पद्धतीत तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, हा तिच्यावरचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. साच्याचं श्रेय त्याने कमी होत नाही. ज्या कामाने कमरा मोडतात, ते सोपं करण्याऐवजी त्याची गरजच काढून टाकली. इरल्यापेक्षा चांगलं इरलं शोधणाऱ्या विद्यार्थ्याने या साच्यासमोर थोडं थांबावं.

चढावरचा प्रश्न बघायचा तर नेरळहूनच माथेरानला जावं. तेही कर्जत तालुक्यातच आहे. 1907 साली इथे दोन फुटी रुळांची गाडी सुरू झाली. विसास एक असा चढ आणि एकामागून एक आवळ वळणं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या सल्ल्याने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून आलेल्या इंजिनांचे टोकाचे आस वळणाबरोबर वळू शकत. ताठ आसांचं इंजिन त्या वळणांवर अडकलं असतं. यंत्राने डोंगराचं ऐकलं, म्हणून ते चाललं. गावात मात्र मोटारबंदी असल्याने माणसाला माणसाने ओढायची हातरिक्षा शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. डिसेंबर 2022 मध्ये काही ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ही प्रथा अमानुष असल्याचं स्पष्ट शब्दांत सांगितलं. विजेवर चालणारी रिक्षा महाराष्ट्राला नवी नव्हती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी 1990च्या दशकातच सायकलरिक्षा सुधारून तिला मोटर जोडली, पुढे पूर्ण विजेची रिक्षा केली. नमुना तयार होता, लेख छापून आले होते आणि तरी माथेरानच्या चढावर माणसं ओढतच राहिली. वस्तू सिद्ध होणं आणि ती माणसापर्यंत पोचणं यांच्यामध्ये परवाने, कर्ज, नियम आणि इच्छाशक्ती यांचं मोठं अंतर असतं. काम अजून संपलेलंही नाही: तांबड्या मातीच्या उतारावर ब्रेक कसे टिकतील, पावसात चाक घसरेल का, सामान वाहणाऱ्या हातगाडीचं काय, घोडेवाल्यांचं काय. यातला एकेक प्रश्न एकेका पदवी प्रकल्पाएवढा आहे.

एका गोष्टीपाशी मात्र विद्यार्थ्याने हात आखडता घ्यावा. रस्ता नसलेल्या वाड्यांवरून आजारी माणसाला किंवा बाळंतीण होऊ घातलेल्या बाईला झोळी करून खाली आणावं लागतं. दोन माणसं, मधे बांबू, बांबूला बांधलेली चादर. हलकं, घडीचं स्ट्रेचर करावं असं कुणालाही वाटेल; करावंही. पण त्या स्ट्रेचरच्या छायाचित्रामुळे रस्त्याची मागणी थंडावणार असेल तर ते वाडीचं नुकसान आहे. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली. वर जायला फक्त पायवाट होती. जड यंत्रं वर जाऊ शकली नाहीत, मदतीला आलेल्यांनी चिखलात हातांनी आणि फावड्यांनी उपसलं. अशा ठिकाणी कोणती वस्तू लागते आणि कोणतं सरकारी काम लागतं, हे वेगळं काढता येणं हा डिझाइनच्या शिक्षणाचा भाग आहे. विद्यार्थ्यांचं काम तपासणाऱ्या आपल्या ज्युरींमध्ये यावर फार कमी बोललं जातं.

नमुना पुठ्ठ्यातून पत्र्यात जातो तेव्हा शहरातली कार्यशाळा अपुरी पडू लागते आणि स्थानिक कारागीर गुरू होतो. खोपोलीच्या कारखान्यांभोवती वाढलेले फॅब्रिकेटर, लेथवाले, वेल्डर हे मोठं भांडवल आहे. कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी 2005 साली कर्जत-चौक परिसरात चित्रपटांचा स्टुडिओ उभारला. चित्रपटांच्या सेटवर काम केलेल्या सुतार-रंगाऱ्यांना प्लायवूड आणि फायबरमध्ये हवा तो आकार पूर्ण मापात उभा करता येतो. शेजारच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांत एका मूळ मूर्तीवरून साचा आणि साच्यातून शेकडो मूर्ती कशा निघतात, हे एका दिवसात बघता येतं. साचेकामाचं असं शिक्षण कोणत्याही वर्गात मिळणार नाही. डिजिटल साधनंही आता शहरापुरती नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात 2002 साली फॅब लॅब ही डिजिटल कार्यशाळा आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या जगातल्या पहिल्या काहींपैकी एक. थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटर खेड्यातल्या मुलांच्या हातात कसे शोभतात, ते तिथे जाऊन पाहावं.

श्रेयाचा प्रश्न इथेच येतो. बांबूचा सांधा कामटी विणणाऱ्याने सुचवला, वेल्डरने बिजागरी बदलून दिली आणि डिझाइन कायदा 2000 खाली नोंदणी मात्र विद्यार्थ्याच्या किंवा संस्थेच्या नावावर झाली, तर ते न्याय्य नाही. नोंदणी दहा वर्षांची मिळते, आणखी पाच वाढवता येतात; त्या कागदावर कारागिराचं नाव घालायला कायद्याची आडकाठी नाही. घालण्याची सवय लागायची आहे.

महाविद्यालयांचं वेळापत्रक हाही एक अडथळा आहे. गावातली पाहणी बहुधा थंडीत होते, कारण तेव्हा रस्ते बरे असतात आणि सत्राच्या तारखा जुळतात. पण त्या दिवसांत खाचरं कोरडी, पुष्कळ कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली, विहिरीला अजून पाणी. ज्या अडचणीसाठी वस्तू करायची, ती जुलैत आणि मेमध्ये दिसते. लावणी न पाहता लावणीचं अवजार आणि टंचाई न पाहता पाण्याचं साधन काढलं जातं, आणि प्रदर्शन संपल्यावर ते महाविद्यालयाच्या कपाटात जाऊन पडतं.

म्हणून शिक्षकांना आणि संस्थांना एक विनंती. एक सत्र पावसाळ्यात वाडीवर न्या. अंतिम ज्युरीत एक खुर्ची वस्तू वापरणाऱ्या बाईसाठी ठेवा. तिचा दिवस बुडतो, त्या दिवसाची मजुरी तिला द्या, आणि तिने 'चालत नाही' म्हटलं तर गुण देताना ते मोजा. काम संपल्यावर मापांसकट रेखाटनाची एक प्रत, मराठीत लिहिलेली, गावच्या वेल्डरकडे आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. आणि कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यांनो, कारागिरांनो, पुठ्ठ्याचं वेडंवाकडं काहीतरी घेऊन पोरंपोरी तुमच्या दारात आली तर त्यांना चहा द्या आणि त्या वस्तूचे सगळे दोष तोंडावर सांगा.